जुना बॅकहो, नवा बॅकहो आणि एकच गोदाम: अवजड डिझेल यंत्रांसाठी इंधन व तेले कशी निवडावीत

शेततळी, कालवे, धरणांतील गाळ काढणे आणि रस्त्यांची कामे घेणाऱ्या महाराष्ट्रातील छोट्या कंत्राटदारांकडे आज बहुधा मिश्र ताफा असतो. एक बॅकहो लोडर (पुढे मोठी बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले यंत्र) दहा-बारा वर्षांचा, यांत्रिक इंधन पंपाचा असतो. त्याच्या शेजारी एप्रिल २०२१ नंतरच्या स्टेज ४ प्रदूषण निकषांचा, कॉमन रेल (सामायिक नळीतून अतिउच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या) इंजिनाचा बॅकहो उभा असतो. आणि अलीकडे खरेदी झाली असेल तर जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या स्टेज ५ निकषांचे, सायलेन्सरच्या जागी काजळी अडवणारा डीपीएफ बसवलेले यंत्रही असते. गोदाम मात्र या सर्वांचे एकच असते, आणि जुन्या यंत्रासाठी वर्षानुवर्षे येणारे ऑइलच तिथे बॅरलने पडून असते. यंत्रे बदलली तरी खरेदीची सवय बदलली नाही, यातूनच बहुतेक खर्चिक बिघाड होतात. म्हणून पुढील पायऱ्या अशाच मिश्र ताफ्याच्या मालकाला समोर ठेवून लिहिल्या आहेत.

आधी तक्ता, मग दुकान

प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत द्रव आणि ग्रीस यांचा एक तक्ता असतो. तो शोधून प्रत्येक यंत्रासाठी पाच गोष्टी एका वहीत उतरवून घ्याव्यात: कुठल्या भागात काय भरायचे, त्याचा दर्जा-संकेत कोणता, घट्टपणाचा (व्हिस्कॉसिटीचा) आकडा किती, किती लिटर बसते आणि अवर मीटरवरच्या किती तासांनी बदलायचे. पुस्तिका हरवली असल्यास यंत्राचा अनुक्रमांक देऊन ती डीलरकडून मागवता येते. शेजारच्या यंत्राचा मिस्त्री काय वापरतो, यावर भिस्त ठेवू नये.

या तक्त्यात कंपनीचे नाव नव्हे, तर दर्जा-संकेत महत्त्वाचा असतो. डब्याच्या दर्शनी बाजूला यंत्राचे चित्र आणि मोठे नाव असते. एपीआय, जासो किंवा एसीईए या दर्जा ठरवणाऱ्या संस्थांचा संकेत आणि एसएई किंवा आयएसओचा घट्टपणाचा आकडा मागच्या बारीक अक्षरांत असतो. खरेदी त्या बारीक अक्षरांवरून करावी. संकेत जुळत असेल तर सरकारी तेल कंपनीचे ऑइल आणि परदेशी कंपनीचे ऑइल यांत निवड करताना किंमत आणि खात्रीचा पुरवठा एवढेच पाहिले तरी चालते, असे माझे मत आहे. अपवाद हमीच्या काळाचा. त्या काळात निर्मात्याने सांगितलेलेच उत्पादन वापरावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

डिझेल: कुठून घ्यावे, कसे ठेवावे

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६) डिझेल मिळते, ज्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांपेक्षा अधिक नसते. बीएस-३ च्या काळात ही मर्यादा ३५० होती. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे नैसर्गिक वंगणही कमी होते. ते भरून काढणारे रसायन तेलशुद्धीकरण कारखान्यातच मिसळलेले असते, कारण भारतीय मानक आयएस १४६० मध्ये वंगणक्षमतेची अट आहे. त्यामुळे नव्या डिझेलने जुना पंप झिजतो ही समजूत धरून टाकीत टू-स्ट्रोक ऑइल किंवा इंजिन ऑइल ओतण्याची गरज नाही. डीपीएफ असलेल्या यंत्रात तर ते ओतूच नये, कारण त्या ऑइलची राख थेट डीपीएफमध्ये जाऊन बसते.

धोका भेसळीचा आहे. रॉकेल किंवा विद्रावक मिसळलेल्या डिझेलवर इंजिन चालते, आवाजही फारसा बदलत नाही. मात्र कॉमन रेलचा उच्चदाब पंप डिझेलच्याच वंगणावर चालत असल्याने तो आतून घासला जातो आणि त्याचा धातूचा चुरा सगळ्या इंजेक्टरांत पोहोचतो. आधुनिक यंत्रणेत दाब १,६०० बार आणि त्याहूनही अधिक असतो, आणि इंजेक्टरच्या आतील फट दोन-तीन मायक्रॉनची असते. महामार्गालगत ‘बायोडिझेल’ या नावाने स्वस्तात मिळणारे तेलही याच कारणाने टाळावे. खऱ्या बायोडिझेलला स्वतःचे मानक आहे आणि डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत ते मिसळण्याची मुभा आयएस १४६० देते. निनावी टँकरमधले तेल कोणत्या मानकाचे आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. लिटरमागे वाचलेले काही रुपये आणि इंजेक्टरच्या एका संचाची किंमत यांचा हिशेब ज्याने एकदा केला, तो पुन्हा त्या टँकरपाशी थांबत नाही.

पंपावर ग्राहकाला घनता तपासून मागता येते. पंपावर हायड्रोमीटर, तापमापक आणि १५ अंश सेल्सिअसला घनता बदलून देणारा तक्ता असतो. त्या दिवशी नोंदलेली घनता आणि प्रत्यक्ष मोजलेली घनता यांत घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. बॅरल भरून नेणाऱ्याने ही तपासणी अधूनमधून करावी आणि प्रत्येक मोठ्या खरेदीतून एक लिटरचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून, तारीख लिहून, अंधाऱ्या जागी ठेवावा. पुढे वाद झाला तर निदान दाखवायला काहीतरी हाती असते. साइट मोठी असेल तर थेट जागेवर डिझेल पोहोचवणारे अधिकृत बाउझर (पंप बसवलेले टँकर) हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. २०१८ मध्ये पुण्यातून सुरू झालेली ही सोय आता बऱ्याच जिल्ह्यांत मिळते.

साठवणुकीचा कायदाही माहीत असावा. डिझेल हे ‘ब’ वर्गातील पेट्रोलियम आहे. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर ते परवान्याशिवाय ठेवता येते. त्यापुढे परवाना लागतो.

पंपावर चांगले असलेले डिझेल बिघडते ते बहुधा आपल्याच साइटवर. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते. दिवसा तापलेले बॅरल रात्री थंड होताना आत हवा ओढते, आणि तिच्यासोबत बुचाच्या आट्यांतून ते पाणीही आत जाते. म्हणून बॅरल छताखाली ठेवावे. छत नसेल तर आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे आडव्या रेषेत, म्हणजे घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी, द्रवाच्या पातळीखाली येतील असे पाहावे. आणल्यावर बॅरल निदान रात्रभर हलवू नये, उपसनळी तळापासून चार बोटे वर ठेवावी आणि तळाचे शेवटचे डिझेल यंत्रात कधीही भरू नये. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा तांब्याची नळी वापरू नये. जस्त आणि तांबे दोन्ही डिझेल खराब करतात. फडक्यातून गाळून घेणे हा गाळण्याचा प्रकार नव्हे, कारण त्या फडक्याचेच धागे टाकीत जातात. हातपंपाला किंवा विजेच्या पंपाला पाणी वेगळे करणारा फिल्टर लावून घ्यावा. त्याची किंमत एका इंजेक्टरपेक्षा बरीच कमी असते.

यंत्राची टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. रिकाम्या टाकीत रात्री दमट हवेचे पाणी होते, भरलेल्या टाकीत त्याला जागा राहत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा नियम काटेकोर पाळावा, आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी वॉटर सेपरेटरच्या तळाचा खटका सैल करून पाणी काढावे. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात. फिल्टरवर काळसर, बुळबुळीत थर दिसू लागला की फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी रिकामी करून धुवावी लागते.

इंजिन ऑइल

महाराष्ट्राच्या हवामानात घट्टपणाचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. निफाडची जानेवारीतली पहाट असो की चंद्रपूरचा ४५ अंशांपुढचा मे महिना, १५डब्ल्यू-४० घट्टपणाचे ऑइल दोन्ही टोके सांभाळते. जुन्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घालण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. त्याने ऑइलचा दाब वाढलेला दिसतो आणि मालकाला बरे वाटते, पण झिजलेले बेअरिंग काही त्याने भरून येत नाही. उलट थंड इंजिनात ऑइल वर पोहोचायला वेळ लागतो.

खरी निवड दर्जाची आहे. एपीआयच्या संकेतांपैकी सीएच-४, सीआय-४ आणि डिसेंबर २०१६ पासून आलेला सीके-४ हे आपल्या बाजारात भेटतात. सीके-४ मध्ये राखेचे प्रमाण एक टक्क्यापुरते मर्यादित आहे. सीआय-४ ला अशी मर्यादा नाही. हा फरक डीपीएफमुळे निर्णायक ठरतो. डीपीएफमध्ये साठलेली काजळी यंत्र स्वतः तापवून जाळते, मात्र ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती साठत जाते आणि अखेर डीपीएफ काढून साफ करावा किंवा बदलावा लागतो. म्हणून नव्या यंत्रात सीके-४, किंवा जपानी यंत्र असेल आणि पुस्तिकेत तसे म्हटले असेल तर जासो डीएच-२, हेच भरावे.

सीके-४ मागील संकेतांच्या जागी चालेल अशाच रीतीने बनवलेले आहे, आणि डिझेलमधील गंधक घटल्यामुळे जुन्या यंत्रांनाही पूर्वीइतक्या अल्कधर्मी (गंधकामुळे बनणारे आम्ल मारणाऱ्या) ऑइलची गरज उरलेली नाही. त्यामुळे मिश्र ताफ्याला माझी शिफारस स्पष्ट आहे: गोदामात १५डब्ल्यू-४० सीके-४ असे एकच इंजिन ऑइल ठेवावे. जुन्या यंत्रावर लिटरमागे थोडे जास्त पैसे जातील, पण रात्री हेल्पर चुकीच्या बॅरलमधून नव्या यंत्रात ऑइल भरेल ही शक्यताच संपते. एफए-४ हा संकेत दिसला तर मात्र थांबावे. ते काही विशिष्ट नव्या इंजिनांसाठीचे पातळ ऑइल आहे आणि जुन्या इंजिनांसाठी सरसकट चालत नाही.

ऑइल काळे झाले म्हणजे संपले, असे नाही. काजळी पोटात धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. बदलण्याचा काळ पुस्तिकेतील तासांवरून ठरवावा, आणि क्रशरची धूळ, सतत ब्रेकरचे (खडक फोडणाऱ्या हायड्रॉलिक हातोड्याचे) काम किंवा तासन्‌तास मोकळे चालू ठेवलेले इंजिन असेल तर तो कमी करावा. वर्षातून दोन-तीनदा ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे परवडते: अहवालात सिलिकॉन वाढला तर एअर फिल्टर किंवा त्याच्या पाइपातून धूळ येत आहे, सोडियम-पोटॅशियम वाढले तर कूलंट आत शिरत आहे, आणि घट्टपणा घसरला असेल तर इंजेक्टरमधून डिझेल गळत असण्याची शक्यता मोठी आहे.

कूलंट आणि पाणी

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न साइटवर हमखास विचारला जातो. उत्तर गंजात आणि खड्ड्यांत आहे. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत लायनर (ज्यांत पिस्टन वर-खाली होतो त्या नळ्या) पाण्यात बुडालेले, म्हणजे वेट लायनर असतात. प्रत्येक ज्वलनासोबत लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बाष्पाचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूचा कण कण उखडत जातो. शेवटी लायनरला आरपार छिद्र पडते, पाणी ऑइलमध्ये येते आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो. हे रोखणारी रसायने हेवी ड्यूटी कूलंटमध्ये असतात. मोटारीच्या कूलंटमध्ये ती असतीलच असे नाही. डब्यावर एएसटीएम डी६२१० हा संकेत पाहावा.

रंगावरून कूलंट ओळखू नये. हिरवा, लाल, पिवळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. वेगवेगळ्या रसायनशास्त्राची कूलंटे मिसळली तर संरक्षण कमी होते आणि कधी जेलीसारखा गाळ बनतो, म्हणून प्रकार बदलायचा असल्यास यंत्रणा पूर्ण धुवून मगच बदलावा.

तयार मिश्रण घेणे सर्वांत सोपे. अर्क घेऊन मिसळायचे असेल तर पुस्तिकेतील प्रमाण, बहुधा निम्मे अर्क आणि निम्मे पाणी, पाळावे आणि पाणी खनिजमुक्तच घ्यावे. मराठवाड्यातील आणि सोलापूर-नगर पट्ट्यातील बोअरचे पाणी क्षारांनी जड असते. ते रेडिएटरमध्ये गेले की ब्लॉकच्या आत थर धरते आणि इंजिन उन्हाळ्यात तापू लागते. मग लोक थर्मोस्टॅट काढून टाकतात, ज्यामुळे थंडीत इंजिन कधीच योग्य तापमानाला पोहोचत नाही.

हायड्रॉलिक ऑइल

इथे घट्टपणा खरोखर मोजून निवडावा लागतो. आयएसओ व्हीजी ४६ आणि ६८ यांतील आकडा म्हणजे ४० अंशांवरचा घट्टपणा. पण उन्हाळ्यात ब्रेकर लावून दिवसभर चालणाऱ्या यंत्रात ऑइल ८० अंशांपर्यंत जाते, आणि त्या तापमानाला साधे व्हीजी ४६ सुमारे १२ सेंटिस्टोकपर्यंत (हे घट्टपणाचे एकक) पातळ होते, तर व्हीजी ६८ सुमारे १५ वर राहते. पिस्टन पंपांना साधारण १६ ते ३६ या पट्ट्यात सुखाने काम करता येते आणि दहाच्या खाली गेले की आतील गळती व झीज झपाट्याने वाढते. त्यामुळे पुस्तिका दोन्हींना परवानगी देत असेल तर विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळी, जड कामाला ६८ आणि इतरत्र ४६ असा निर्णय घेता येतो. वर्षभर एकच ठेवायचे असेल तर तापमानानुसार कमी बदलणारे, एचव्हीएलपी वर्गातील ऑइल घ्यावे. काही निर्माते हायड्रॉलिकमध्ये इंजिन ऑइलसारखे १०डब्ल्यू सांगतात. तिथे आपली हुशारी चालवू नये.

घट्टपणापेक्षाही स्वच्छता महत्त्वाची आहे, आणि नवे बॅरल म्हणजे स्वच्छ ऑइल हा गैरसमज आहे. डोळ्यांना ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. व्हॉल्व्ह आणि पंप झिजवणारे कण त्याहून कितीतरी बारीक असतात. सीलबंद बॅरलमधील ऑइलही फिल्टर लावलेल्या पंपानेच भरावे. होज पाइप फुटल्यावर ‘तेवढ्यापुरते’ म्हणून कडेच्या दुकानातले सुटे ऑइल टाकणे हा सगळ्यांत महाग पडणारा पाच लिटरचा सौदा आहे, म्हणून प्रत्येक साइटवर २० लिटरची सीलबंद बादली राखीव असू द्यावी.

भाड्याच्या ब्रेकरकडे विशेष लक्ष द्यावे. तो आदल्या दिवशी ज्या यंत्रावर होता त्याचे ऑइल, त्यातील धातूचा चुरा आणि धूळ यांसह तो आपल्या यंत्राला जोडला जातो. जोडण्यापूर्वी त्याच्या नळ्यांतील ऑइल वेगळ्या भांड्यात काढावे, जोडाची तोंडे पुसावीत, आणि काम संपल्यावर दोन्ही बाजूंना टोप्या लावाव्यात. ब्रेकरचे बरेच काम असेल तर हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टर बदलण्याचा काळ निम्म्यावर आणणे योग्य ठरते.

गिअर, अ‍ॅक्सल आणि ब्रेक

बॅकहोच्या मागील अ‍ॅक्सलमध्ये ब्रेकच्या डिस्क ऑइलात बुडालेल्या असतात. तिथे साधे ८५डब्ल्यू-१४० गिअर ऑइल टाकले तर ब्रेक दाबताच कर्कश आवाज येतो आणि डिस्कचे अस्तर खराब होते. वेट ब्रेकसाठीचे खास ऑइलच लागते. पॉवरशिफ्ट किंवा टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ट्रान्समिशनमध्ये टीओ-४ सारखा जो संकेत पुस्तिकेत असेल तोच घ्यावा. गिअर ऑइलच्या संकेतांपैकी जीएल-५ हा जीएल-४ पेक्षा वरचा दर्जा समजून सगळीकडे वापरू नये: त्यातील गंधक-फॉस्फरसची रसायने काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना खातात.

ब्रेकच्या छोट्या टाकीबाबत तर झाकणावरचे अक्षर वाचल्याशिवाय काहीही ओतू नये. काही बॅकहोंत तिथे पातळ खनिज तेल असते, काहींत डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड. एकाच्या जागी दुसरे पडले की रबरी सील फुगतात आणि काही दिवसांतच ब्रेक लागेनासे होतात.

ग्रीसबद्दल थोडक्यात: बकेट आणि बूमच्या पिन-बुशांना मॉलिब्डेनमयुक्त, एनएलजीआय २ घट्टपणाचे लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, ब्रेकरच्या छिन्नीला त्याची वेगळी उष्णतारोधक पेस्ट, आणि चिखलात काम असेल तर पिनांना रोज ग्रीसगन.

डीईएफ असलेली यंत्रे

सर्व नव्या यंत्रांना डीईएफ, म्हणजे धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी फवारला जाणारा द्रव, लागत नाही. साधारण ५६ किलोवॅटच्या (सुमारे ७५ अश्वशक्तीच्या) खालील इंजिने बहुधा त्याविना निकष पाळतात, म्हणून ७४ अश्वशक्तीच्या बॅकहोला निळे झाकण दिसणार नाही, पण शेजारच्या मोठ्या लोडरला ते असू शकते. डीईएफ म्हणजे अतिशुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरिया; डब्यावर आयएसओ २२२४१ हवे. खताच्या पोत्यातील युरिया पाण्यात विरघळवून ते घरी बनवण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांना सांगावे की २०१५ पासून देशातील शेतीच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट आणि धातूंचे अंश असतात, आणि यांतील प्रत्येक गोष्ट उत्प्रेरक किंवा फवारणीचे नोझल बंद पाडते. शिवाय शेतीचा अनुदानित युरिया असा वळवणे खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे.

डीईएफ उष्णतेने लवकर उतरते. २५ अंशांत सुमारे १८ महिने टिकणारा डबा ३५ अंशांत जेमतेम सहा महिने टिकतो, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये वर्षाचा साठा करू नये. त्यासाठी वेगळे प्लास्टिकचे नरसाळे ठेवावे आणि ते दुसऱ्या कशालाही वापरू नये.

गोदामाची मांडणी आणि चुकीचे भरले गेल्यास

प्रत्येक बॅरलवर, त्याच्या पंपावर आणि यंत्राच्या संबंधित झाकणावर एकाच रंगाची पट्टी मारावी. हेल्पर नवा असला, अक्षरओळख कमी असली, तरी रंग जुळवता येतो. वापरलेले ऑइल वेगळ्या बॅरलमध्ये गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराला द्यावे. वीटभट्टीला विकणे २०१६ च्या घातक कचरा नियमांविरुद्ध आहे.

तरीही चूक झाली, उदाहरणार्थ डिझेलच्या टाकीत डीईएफ किंवा डीईएफच्या टाकीत डिझेल गेले, तर चावी अजिबात फिरवू नये. अनेक यंत्रांत इंजिन सुरू न करता नुसते इग्निशन दिले तरी विजेचा पंप चालू होतो आणि टाकीपुरती असलेली चूक पूर्ण यंत्रणेत पसरते. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा, चावी काढून घ्यावी, ऑपरेटरने घाबरून लपवू नये यासाठी त्याला आधीच शब्द देऊन ठेवावा, आणि टाकी उतरवून धुण्यासाठी डीलरच्या फिटरला बोलवावे. हायड्रॉलिकमध्ये किंवा ट्रान्समिशनमध्ये चुकीचे ऑइल पडल्यास यंत्र न चालवता ते पूर्ण काढावे, फिल्टर बदलावा, योग्य ऑइल भरून थोडा वेळ विना-भार फिरवावे आणि तेही काढून पुन्हा नवे भरावे. पन्नास तासांनी नमुना तपासून घ्यावा.